घरी चामडकाम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न: हत्यारं, माल आणि उसनवारी

आम्ही दहा-बारा जण आहोत. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक जण दातांचे डॉक्टर. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर नाहीतर पार्किंगमध्ये जमतो, चामडं कापतो, शिवतो आणि एकमेकांची हत्यारं वापरतो. नवीन माणूस आला की तेच प्रश्न, मग रात्री फोनवरही तेच. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. पोटापाण्यासाठी हे काम करणाऱ्यांना यातलं बरंचसं बाळबोध वाटेल, पण हे पान आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी आहे.

१. मला यातलं काहीच येत नाही. पहिली वस्तू कोणती करू?

कार्ड ठेवायचं छोटं कव्हर. चामड्याचे दोन तुकडे आणि तीन बाजूंना सरळ शिवण, बस. पाकिटाच्या वाटेला लगेच जाऊ नका. पाकिटात चार-पाच थर एका कडेवर येतात, ते पातळ करावे लागतात आणि एक छिद्र हललं की सगळी शिवण वाकडी. आमच्यातल्या प्रत्येकाकडे ड्रॉवरच्या तळाशी असं एक पहिलं पाकीट आहे, आणि ते कुणी कुणाला दाखवत नाही.

२. ऑनलाइन साठ नगांचा संच स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

नको. त्या साठांतले तीसेक नग नक्षीचे ठसे असतात. ते तुम्ही एकदा ओल्या चामड्यावर मारून बघाल आणि विसराल. उरलेल्यांत सुया दहा, बोटात घालायच्या टोप्या दोन, आणि जे खरोखर लागतं ते नेमकं कच्च्या लोखंडाचं.

सुरुवातीला एवढं पुरे: तुटणाऱ्या पात्यांचा कटर, एक फुटी स्टीलची पट्टी, छिद्रं पाडायची ४ मिलिमीटर अंतराची चिझल (एक दोन दातांची, एक चार किंवा सहा दातांची), लाकडी किंवा नायलॉनची मोगरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेणाचा दोरा आणि पॉलिश पेपर. दोन दातांची चिझल वळणावर लागते, जास्त दातांची सरळ रेषेत. मोगरी सांगितली म्हणजे मोगरीच. लोखंडी हातोड्याने चिझलचं डोकं चेपून छत्रीसारखं पसरतं आणि दातही लवकर जातात.

पैसे कमी असतील तर बाकी सगळं स्वस्तातलं घ्या, चिझल मात्र चांगली घ्या. शिवण बघणाऱ्याला आधी छिद्रं दिसतात.

३. घरातल्या कोणत्या वस्तू चालून जातात?

पुष्कळ. कंपासपेटीतलं कर्कटक थोडं घट्ट केलं की कडेपासून ३ मिलिमीटरवर शिवणीची रेघ मारायला उत्तम. चिकटवलेले थर दाबायला लाटणं. शिवताना तुकडा धरायला दोन पट्ट्या आणि कपड्यांचे चिमटे, नाहीतर सरळ दोन गुडघे. छिद्रं पाडताना खाली ठेवायला भाजी कापायचा जाड प्लास्टिकचा पाट. त्याखाली स्वयंपाकघराचे ओटे करणाऱ्याकडून ग्रॅनाइटचा एक तुकडा मागून आणा. कडप्पा नको, त्याचे पापुद्रे निघतात. ग्रॅनाइट वजनदार असल्याने मोगरीचा घाव उसळत नाही आणि खालच्या मजल्यावरून तक्रारही कमी येते. त्याखाली जुनी सतरंजी घातली तर अजून कमी.

चिझल थेट ग्रॅनाइटवर मारू नका. हे वेगळं लिहायची गरज नाही असं वाटलं होतं. आहे.

४. कटर असताना रापी कशाला?

कापायला कटर पुरतो. रापी लागते ती चामडं तासायला, म्हणजे जिथे दोन थर एकावर एक येतात तिथली कड मागच्या बाजूने पातळ करायला. पट्ट्याचं टोक बकलात वळवायचं असेल तर ते अर्ध्या जाडीचं करावं लागतं, नाहीतर तिथे गाठोडं दिसतं.

परदेशी व्हिडिओत अर्धचंद्राकार किंवा तिरक्या पात्याच्या महागड्या सुऱ्या दिसतात. काम तेच. रस्त्याकडेला चप्पल शिवणाऱ्यांच्या हातात असते ती साधी, लाकडी मुठीची, रुंद पात्याची रापी चपलांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते, आणि तिचं पोलाद आम्ही घेतलेल्या दोन ‘ब्रँडेड’ सुऱ्यांपेक्षा सरस निघालं. फक्त दुकानातून ती धार न लावलेलीच येते. पुढचा प्रश्न वाचा.

५. रापी चामडं कापतच नाही, नुसती घसरते किंवा ओरबाडते. माझं काय चुकतंय?

धार. शंभरात नव्वद वेळा धारच.

हजार नंबरच्या पाणदगडावर पातं एकाच कोनात धरून घासा, दुसऱ्या बाजूला बारीक ‘बुरा’ (धारेवर उलटलेली पोलादाची खरखरीत कड) बोटाला लागेपर्यंत. मग पालटा. घाई झाली की कोन डोलतो आणि धार गोल होते. ती चमकते खरी, पण कापत नाही. दगड झाला की एका सपाट लाकडावर चामड्याची पट्टी खडबडीत बाजू वर करून चिकटवा, तिच्यावर धातू चमकवायच्या पॉलिशची हिरवी वडी चोळा आणि पातं मागे ओढा. मागेच. पुढे ढकललंत तर पट्टी कापली जाईल.

कामाच्या मधेही दर दहा मिनिटांनी त्या पट्टीवर चार-पाच वेळा ओढायची सवय लावा. धार आहे का हे बघायला अंगठा लावू नका, वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापा. कागद न फाटता कापला गेला की चामड्याला हात घाला.

६. आकड्याची आरी आणि दोन सुया, यांत चांगलं काय?

दोन्ही चांगल्या, पण काम वेगळं. चप्पल शिवणाऱ्यांच्या आरीला टोकाशी खाच असते. आरी तळातून आरपार जाते, खालून दोऱ्याचा फास पकडून वर ओढते आणि दुसरं टोक त्यातून जातं. जिथे खाली हात जेमतेम पोचतो तिथे, म्हणजे बुटाच्या आत किंवा जाड तळात, तिला तोड नाही. वेगही जबरदस्त. लग्नाच्या ब्लाउजवर सध्या सगळीकडे दिसतं ते ‘आरी वर्क’ याच हत्याराच्या बारीक भावंडाचं काम. कच्छच्या मोची कारागिरांनी चामड्यावरचं भरतकाम कापडावर आणलं आणि नाव तेच राहिलं.

पाकीट, पट्टा, पिशवी यांना आम्ही दोन सुयांचा टाका घालतो. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे सुटत नाहीत. मात्र प्रत्येक छिद्रात कोणती सुई आधी आणि दोरा वर की खाली, हे ठरवून तसंच शेवटपर्यंत न्यायचं. मध्येच फोन घेतलात तर तो टाका उलटा पडतो आणि नेमका तोच पुढून दिसतो.

७. ‘व्हेज टॅन’ आणि ‘क्रोम’ म्हणजे नक्की काय? हातात घेऊन ओळखता येतं का?

कातडं कुजू नये म्हणून ते कमवावं लागतं. झाडांच्या सालीत आणि फळांत तुरट द्रव्य असतं, त्यात कमावलं तर व्हेज टॅन. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा ही जुनी जोडी, कोल्हापुरी चपलेचं चामडं त्यातूनच येतं. याला आठवडे लागतात. क्रोमियमच्या क्षारात कमावलं तर काम एक-दोन दिवसांवर येतं, आणि चामडं मऊ, लवचीक, पाण्याला जास्त दाद न देणारं होतं.

ओळखायला आधी कापलेली कड बघा. क्रोमच्या चामड्याच्या पोटात बरेचदा निळसर-राखाडी रेघ असते, व्हेज टॅन आतबाहेर तपकिरी किंवा बदामी. मग न रंगवलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाका. व्हेज टॅन तो पिऊन काळवंडतं आणि वाळल्यावर परत उजळतं. वासही वेगळा. व्हेज टॅनला ओल्या लाकडाचा, थोडा काढ्यासारखा वास येतो. जाळून बघायची एक पद्धत सांगतात, ती करू नका. क्रोमचं चामडं जाळल्यावर निघणारा धूर आणि राख घरात नकोतच.

नक्षी काढायची, कडा घोटून चमकवायच्या किंवा पट्टा करायचा असेल तर व्हेज टॅन. मऊ पिशवी, जॅकेट, अस्तर यांना क्रोम. हे उलटं झालं की काय होतं, ते प्रश्न १३ मध्ये.

८. थोडंसंच चामडं हवंय. कुठे मिळेल?

मुंबईत धारावी. सायन-वांद्रे लिंक रोडवर तयार बॅगांची दुकानं दिसतील, त्यांच्या मागच्या गल्ल्यांत चामडं विकणारे बसतात. चपला-बुटांचं सामान, सोल्यूशन, बकलं, रिव्हेट यांसाठी ठक्करबाप्पा कॉलनी. कोल्हापुरात चप्पल लाइनवर तयार चपला मिळतात, पण आपुलकीने विचारलंत तर ओळखीच्या कारागिराचं नाव हमखास कळतं. चेन्नईला कामानिमित्त जाणं होत असेल तर पेरियामेट भागात अर्धा दिवस काढा. दिंडीगुल-त्रिचीकडचं साल-हिरड्यावर कमावलेलं ‘ईआय’ (ईस्ट इंडिया) चामडं नावाजलेलं आहे.

एकट्याने अख्खं चामडं घेणं परवडत नाही, म्हणून आम्ही तिघंचौघं मिळून एक बाजू, म्हणजे अर्धं चामडं, घेतो आणि वाटून घेतो. वाटताना भांडणं होतात ती प्रश्न ९ वाचलात तर टळतील.

बिल मागा आणि जनावर कोणतं तेही विचारा. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीवर नाही. दुकानदाराला यात विचित्र काही वाटत नाही, तो सरळ सांगतो.

९. चामड्याच्या मागे ‘१७’ आणि त्याच्या डोक्यावर बारीक ‘२’ लिहिलंय. हे काय?

साडेसतरा चौरस फूट. वरचा बारीक आकडा पाव फुटांचा असतो: १ म्हणजे पाव, २ म्हणजे अर्धा, ३ म्हणजे पाऊण. आमच्यातल्या एकाने याला सतराचा वर्ग समजून दुकानदाराला २८९ फुटांचा भाव विचारला होता. दुकानदाराने चहा मागवला.

हे क्षेत्रफळ सगळ्या वेड्यावाकड्या कडांसकट असतं. मानेकडच्या सुरकुत्या, गोचिडांचे डाग, पायांची टोकं असं बाजूला काढलं तर पाव हिस्सा सहज वाया जातो. पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा, पोटाचा सैल आणि ताणणारा. पट्टा नेहमी पाठीतून, कण्याला समांतर कापायचा. पोटातून कापलेला पट्टा सहा महिन्यांत दोन भोकं पुढे जातो, आणि दोष आपण जेवणाला देतो. म्हणून चामडं वाटताना नुसते फूट मोजू नका. पाठ कुणाला, पोट कुणाला, हे आधी ठरवा.

१०. कोणत्या वस्तूला किती जाडी?

कार्डाचे आतले कप्पे ०.८ मिलिमीटर, पाकिटाचं बाहेरचं अंग १ ते १.२, पिशवी २ ते २.५, कमरेचा पट्टा ३ ते ४. अमेरिकन व्हिडिओत औंस सांगतात. एक औंस म्हणजे एका इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. आठ औंस ऐकलं की ३.२ समजा.

११. दोऱ्याला मेणबत्तीचं मेण चालेल का? आणि दोरा किती लांब घेऊ?

मेणबत्तीचं मेण ठिसूळ असतं. दोरा वाकवला की पांढरी भुकटी पडते. मधमाशांचं मेण घ्या, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. ते किंचित चिकट असतं आणि टाका ओढल्यावर जागेवर बसतो. तयार मेणाचा पॉलिस्टर दोरा घेतलात तर हा प्रश्नच नाही. पाकिटाला ०.६ आणि पिशवी-पट्ट्याला ०.८ मिलिमीटर.

लांबी शिवणीच्या चौपट, वर दोन्ही सुयांसाठी एक वीत. २० सेंटिमीटरच्या शिवणीला मीटरभर दोरा धरा. शेवटी दोन-तीन टाके उलटे मागे घालून टोक कापायचं. पॉलिस्टर असेल तर लायटरने हलकंच वितळवून दाबायचं. सुताचा किंवा जवसाचा दोरा वितळत नाही, जळतो. एकीने हे शिवलेल्या पिशवीवर करून बघितलं. त्या जागेवर आता एक सुंदर रिव्हेट आहे.

१२. चिकटवायला काय वापरता?

चप्पल दुकानातलं सोल्यूशन किंवा फेविकॉल एसआर. दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच नेमकं जोडून लाटणं फिरवायचं. ओलं असताना जोडलंत तर धरत नाही. चामड्याचा वरचा गुळगुळीत थर असेल तर आधी पॉलिश पेपरने खरवडा.

खिडक्या उघड्या आणि गॅस, उदबत्ती, देवासमोरचा दिवा बंद. यात असणारे द्रव भयंकर पेट घेतात आणि त्यांच्या वाफेने डोकं दुखतं. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

१३. माझ्या कडा केसाळ दिसतात. तुमच्या चकचकीत कशा?

चामडं क्रोमचं असेल तर ते घोटलं जातच नाही. कितीही घासा, मऊ पडतं आणि फुगतं. त्याची कड वळवून शिवा किंवा कडेचा रंग लावा.

व्हेज टॅन असेल तर असं करा. सगळे थर एका पातळीत कापा. कडेचे धारदार कोपरे थोडे तासून उतरवा. पॉलिश पेपर चारशे, मग सहाशे, मग हजार. कड किंचित ओली करून त्यावर डिंक लावा. परदेशात ट्रॅगकॅन्थ डिंक वापरतात, आपल्याकडे सरबतात घालायचा डिंक कतिरा रात्रभर भिजवून त्याची पातळ लापशी लावली तरी भागतं. मग जुन्या जीनचा तुकडा किंवा गुळगुळीत लाकूड घेऊन जोरात घासा. जोरापेक्षा वेग महत्त्वाचा, कड गरम झाली पाहिजे. आणखी एकदा डिंक, आणखी एकदा घासणं. तिसऱ्या फेरीला कड एकदम गडद होते आणि काचेसारखी लागते.

कड घोटताना आमचा गप्पांचा आवाज आपोआप थांबतो.

१४. नवीन कोऱ्या व्हेज टॅनवर काळे ठिपके पडले. धुतले तरी जात नाहीत.

तुम्ही जवळपास कानस चालवलीत, नाहीतर ओल्या चामड्यावर लोखंडी वस्तू ठेवलीत. चामड्यातलं तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून जुन्या काळी शाई करत, ती हीच गंमत. थोडक्यात तुमच्या पाकिटावर शाई सांडली आहे.

ताजे ठिपके असतील तर लिंबाचा रस कापसाने लावा, उजळलं की स्वच्छ पाण्याने पुसा. आधी कातरणीवर करून बघा. घामट हात असतील तर काम सुरू करायच्या आधी हात धुवा, विशेषतः रापीला धार लावल्यानंतर.

काळंच हवं असेल तर याचाच फायदा घ्या. भांडी घासायच्या लोखंडी काथ्याचा तुकडा व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवायचा. झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू तयार होतो. गाळून कोऱ्या चामड्यावर लावला की डोळ्यांदेखत काळं होतं, आणि तो रंग कपड्याला लागत नाही.

१५. पावसाळ्यात सगळ्यावर बुरशी आली. फेकून देऊ?

नाही. घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटका, व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने पुसा आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा. कडक उन्हात नको, चामडं ताठरतं आणि तडकतं. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर जून ते सप्टेंबर हे काम दर पंधरा दिवसांनी ठरलेलं समजा.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. जुन्या सुती साडीत गुंडाळा आणि कपाटाच्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. हत्यारांचं उलट. त्यांना तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळा. आम्ही हौसेने चामड्याच्या म्यानात ठेवली होती. चामड्याने ओल धरली आणि ऑगस्टमध्ये पाती गंजून निघाली.

१६. खोबरेल तेल लावलं तर चालेल?

थोडंसं चालतं, पण थंडीत २४ अंशांखाली ते गोठतं आणि चामड्यावर पांढरट साय दिसते. वासही कधीकधी खवट येतो. जुन्या चपलांना गावाकडे एरंडेल लावतात, ते चांगलं. नीट्सफूट तेलही उत्तम, पण ते गुराच्या पायांच्या हाडांपासून काढतात. घरात कुणाला ते चालत नसेल तर आधीच सांगा. कुठलंही तेल थेंबाथेंबाने. जास्त तेल प्यायलेलं चामडं शिवणीपाशी सैल पडतं.

१७. तुमच्यात हत्यारं उसनी मिळतात असं ऐकलं. नियम काय?

मिळतात. नियम कमी आहेत, पण त्यांवर आम्ही हटून बसतो.

हत्यार जसं नेलं तसं नाही, धार लावून परत द्यायचं. धार लावता येत नसेल तर तसं सांगा, आम्ही शिकवतो, पण बोथट रापी निमूटपणे पेटीत ठेवून जायची नाही. मोडलं तर मोडलं म्हणायचं. माझी सहा दातांची चिझल एकदा एक दात वाकून परत आली. नेणाऱ्याने बहुधा चिझल चामड्यात अडकल्यावर ती डोलवून काढली असावी. सरळ वर ओढायची असते, दुसऱ्या हाताने चामडं खाली दाबून. वाकलेला दात मला पुढच्या पाकिटाची शिवण झाल्यावर दिसला. चिझलचं दुःख नव्हतं, सांगितलं नाही याचं होतं.

एक महिना ही मुदत, म्हणजे पुढच्या जमण्याच्या रविवारपर्यंत. नेणाऱ्याने तिसऱ्याला परस्पर द्यायचं नाही. आणि रापी शक्यतो मागूच नका. प्रत्येकाच्या हाताच्या कोनाला तिची धार बसलेली असते, दुसऱ्याच्या हातात ती आठवड्यात बिघडते. ती जमल्यावर शेजारी बसून वापरा.

१८. अदलाबदल करताना किंमत कशी धरायची? माझी वापरलेली मोगरी आणि तुमचं नवं चामडं?

जुन्या हत्याराला साधारण नव्याच्या निम्मी किंमत धरतो, चामड्याला खरेदीचीच. बिल असेल तर वाद राहत नाही. कष्टाची किंमत मात्र वेगळी. कुणी तुमच्यासाठी पट्ट्याचं टोक तासून दिलं तर त्याबदली तुम्ही त्याचा एक फूट टाका घाला. आमच्यात असेच हिशेब चालतात आणि बरेचदा वहीत लिहिलेलेही नसतात.

कातरणं फुकट मागायला संकोच करू नका. तळव्याएवढे तुकडे एका गोणीत ठेवलेले असतात. सरावाला, कार्डाच्या कव्हराला आणि धार बघायला तेच लागतात. मात्र गोणी पालथी घालून चांगले तुकडे वेचलेत तर बाकीचे परत भरा.

१९. दुसऱ्या गावी पाठवायचं असेल तर? आणि अमेरिकेतून भाऊ येतोय, त्याला काय आणायला सांगू?

हत्याराच्या टोकाला बाटलीचं बूच किंवा थर्माकोल खोचून, पुठ्ठ्यात बांधून पाठवा. चामडं घडी घालू नका, गुंडाळी करा, गुळगुळीत बाजू बाहेर. घडीची रेघ जन्मभर राहते. सोल्यूशन आणि स्पिरिटचे रंग पाठवू नका, ते पेटणारे आहेत. विमानातही ते ना हातातल्या बॅगेत चालतात ना सामानात.

भावाला सांगायचं तर चांगल्या बोथट सुया, आरीची सुटी पाती, कोपरे उतरवायचं एक हत्यार. वजनाने हलकं आणि इथे मनासारखं मिळत नाही असं. सगळं चेक-इनच्या बॅगेत, हातात काहीही नाही. चामडं तिथून आणवू नका. वजन फार होतं आणि चेन्नईचं चामडं अटलांटिक ओलांडून परत आणल्यासारखं होतं.

२०. मी घरी कोल्हापुरी घाटाची चप्पल केली. ‘कोल्हापुरी’ म्हणून विकू का?

स्वतःसाठी, मित्रासाठी केली तर खुशाल करा. विकायला काढणार असाल तर थांबा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी आहे. त्या नावाने धंदा करण्याचा हक्क तिथल्या नोंदणीकृत वापरकर्त्यांचा. पुण्यात पार्किंगमध्ये केलेली चप्पल कितीही सुबक असली तरी ती पुण्याची चप्पल.

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये त्याच घाटाच्या चपला मूळ न सांगता दाखवल्या तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. तेव्हा आपणही नाव नीट वापरावं.

२१. आजोबांचं मृगाजिन आणि दिमडीचं जुनं कातडं आहे. कुणाला हवं असेल तर देऊ का?

देऊ नका, आणि आम्ही घेणारही नाही. हरणाचं, घोरपडीचं, सापाचं कातडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं. दिमडीला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, त्यामुळे जुनी दिमडी असेल तर शंका घ्यायला जागा आहे. भेट, अदलाबदल, विक्री यातलं काहीही नको. घरात काय आहे आणि त्याचे कागद आहेत का, हे वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

२२. घरचे म्हणतात, चामड्याचं काम घरात नको. काय सांगू?

माझ्या आईने पहिल्या दिवशी देवघराचं दार ओढून घेतलं होतं. मी काही बोललो नाही. आमच्याकडे गुरुवारी भजन असतं, पखवाज देवासमोरच असतो. त्या गुरुवारी पखवाजाची वादी (चामड्याची पट्टी) ढिली झाली म्हणून मी पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, उघडून आईसमोर ताणून बसवली. तिने बघितलं आणि चहा ठेवला. दार त्यानंतर उघडं असतं.

पण यात नुसती आईची समजूत काढण्याचा प्रश्न नाही. आपल्यासाठी ही रविवारची हौस आहे. याच कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसांना गावाबाहेर ठेवलं गेलं, आणि जातीचं नाव शिवीसारखं वापरलं गेलं. तेव्हा ‘आता मी चांभार झालो’ असले विनोद आमच्यात कुणी केले तर त्याला लगेच थांबवतो. नव्याने येणाऱ्यांनी हे आधीच वाचलेलं बरं.

२३. कोपऱ्यावर चप्पल शिवणाऱ्या काकांकडून शिकता येईल का? त्यांना पैसे द्यायचे का?

येईल, आणि द्यायचेच. त्यांचा तास म्हणजे त्यांची कमाई. आधी विचारा, ठरवा, आणि गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हा. फोटो-व्हिडिओ विचारल्याशिवाय काढू नका.

मी गेलो तेव्हा माझी नवी रापी त्यांना दाखवली. त्यांनी पातं उजेडाकडे धरलं, नखावर टेकवलं, काही न बोलता दगडावर पाणी टाकलं आणि दहा मिनिटं घासत राहिले. मग एका जुन्या तळाची कड तासली. साल निघावी तशी लांब, पातळ, न तुटता एक पट्टी निघाली. ‘तुमचा कोन मोठा होता,’ एवढंच म्हणाले. प्रश्न ५ मध्ये लिहिलंय ते बरंचसं त्या दहा मिनिटांतलं आहे.

जूनमध्ये मात्र जाऊ नका. पहिला पाऊस पडला की त्यांच्यापुढे छत्र्या आणि तुटलेल्या चपलांचा ढीग असतो आणि मान वर करायला फुरसत नसते. दिवाळी झाल्यावर जा, दुपारी चारच्या सुमारास, आणि तुमची रापी बरोबर न्या.